दिलेला शब्द

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या कपाटात ओल आली, तेव्हा आतील सारे कागद बाहेर काढून पंख्याखाली पसरून ठेवण्याचा प्रसंग आला. त्या पसाऱ्यात दोऱ्याने बांधलेले पावत्यांचे एक पुडके हाती लागले. आमची कन्या तीन वर्षांची असताना तिच्या पुढील शिक्षणासाठी म्हणून आम्ही एक विमा उतरविला होता, त्याच्या हप्त्यांच्या त्या पावत्या होत्या. आमचाच एक जुना विद्यार्थी त्या कंपनीचा एजंट होता. त्याने ओसरीवर बसून एका कोष्टकावर बोट ठेवीत जो आकडा आम्हांस दाखविला होता, तो ऐकून आम्ही उभयता काही क्षण गप्पच झालो होतो. एवढ्या रकमेत मुलगी विलायतेस जाऊनही शिकून येईल, असे आम्हांस त्या दिवशी वाटले. पंधरा वर्षे आम्ही एकही हप्ता चुकविला नाही. कंपनीनेही ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम पैशापर्यंत चोख दिली. त्या रकमेतून कन्येच्या अभियांत्रिकी शिक्षणाचे पहिले वर्ष भागले आणि दुसऱ्या वर्षाच्या वसतिगृहाचे काही महिने निघाले. पुढची वर्षे आम्ही कशी निभावली, हे वाचकांस सांगणे नलगे. त्यांपैकी बहुतेकांनी ती तशीच निभावलेली असतील.

पावत्या पाहून आमचे कुटुंब म्हणाले, "त्यांनी शब्द पाळला खरा, पण आपलं काम कुठं झालं?"

त्या वेळी आमचा भाचा सुटीसाठी आमच्याकडे आलेला होता. तो मनिला येथे वैद्यकीचे शिक्षण घेतो. अलीकडे आपल्याकडील पुष्कळ मुले त्या विद्येसाठी फिलिपिन्समध्ये जातात, हे वाचकांस ठाऊकच आहे. मामीचे बोलणे ऐकून तो हसला आणि म्हणाला, "मामी, आमच्या घरमालकीणबाईंचं याच्या अगदी उलट झालं." त्या बाईंनीही आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी असाच एक करार घेतला होता. मात्र त्यात रकमेचा आकडाच नव्हता. मुलगी महाविद्यालयात जाईल तेव्हा जी काही फी असेल ती आम्ही भरू, मग ती किती का असेना, असे कंपनीचे अभिवचन होते. म्हणजे काम तेवढे नेमके होणार होते. पण मुलगी महाविद्यालयात असतानाच, २००५ साली, कंपनीने न्यायालयात जाऊन आपणांस हे वचन पाळणे शक्य नाही असे सांगितले. बाईंनी तो कागद अद्यापि बिस्किटांच्या डब्यात जपून ठेविला आहे. ज्या उद्योगसमूहाची ती कंपनी होती, त्याच्या अध्वर्यूचे नाव मनिलालगतच्या मकाती नगरातील एका गगनचुंबी इमारतीवर कोरलेले आहे आणि त्या रस्त्याने जाताना बाई नेहमी मान वर करून ते वाचतात, असे भाच्याने सांगितले.

ते नाव अल्फोन्सो युचेंग्को. उद्योगपती, लोकसेवक आणि राजदूत अशा तिन्ही नात्यांनी आपल्या देशात मान पावलेला हा गृहस्थ २०१७ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तला. आमचा भाचा ज्या स्वरात बोलला त्यावरून हा कोणी लबाड धनिक असावा, असा आमचा प्रथम ग्रह झाला. पण पावसाळाभर जमेल तेवढे वाचन केल्यावर तो ग्रह टिकला नाही. आणि त्याच्या जागी नुसता आदर येऊन बसला असेही झाले नाही. जे झाले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्यांच्या नावाविषयी. फिलिपिन्समध्ये 'को' या अक्षराने शेवट होणारी आडनावे पुष्कळ आढळतात. कोहुआंग्को हे त्यांतील एक ठळक उदाहरण. दक्षिण चीनच्या फूक्येन प्रांतातून जे लोक व्यापारासाठी तेथे गेले, त्यांच्या बोलीत 'को' म्हणजे थोरला भाऊ. आपण जसे एखाद्यास दादा म्हणतो तसे शेजारीपाजारी त्या व्यापाऱ्यास आदराने 'को' म्हणत. पुढे स्पॅनिश सरकारच्या दप्तरात कुलनाम, नाव आणि हे आदराचे अक्षर मिळून एकच आडनाव लिहिले गेले. याप्रमाणे परक्या भूमीवर मिळालेला आदर या घराण्यांच्या नावातच गोठून राहिला आहे. परंतु तो आदर कागदावरचाच होता, असे म्हणण्यासारखा तेथील इतिहास आहे. ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी १५९४ साली मनिला येथे बिनोन्दो ही वसाहत स्थापन झाली. तीनशे वर्षांहून अधिक काळ चिनी व्यापाऱ्याच्या दुकानावाचून त्या शहराचे पान हलत नसे आणि तरीही चिनी मनुष्य परकाच मानला जाई. १९५४ साली तर परदेशी नागरिकांस किरकोळ व्यापार करण्याची बंदी करणारा कायदा झाला आणि त्याचा रोख कोणावर होता हे सर्वांस ठाऊक होते. नागरिकत्वाची वाट त्यांपैकी बहुतेकांस मोकळी झाली ती १९७५ साली.

अशा समाजात ६ फेब्रुवारी १९२३ रोजी अल्फोन्सो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील एन्रिके यांनी १९३० साली एक विमा कंपनी काढली. तिच्या नावातच 'चायना' हा शब्द होता. तिच्यातूनच पुढे 'मलायन इन्शुरन्स' ही कंपनी वाढली आणि ती फिलिपिन्समधील अग्रगण्य विमा कंपन्यांत गणली जाऊ लागली. ज्या माणसाकडे लोक परका म्हणून पाहतात त्याने विम्याचा धंदा करावा, यात मोठे धारिष्ट होते असे आम्हांस वाटते. किराणा दुकानदाराकडून गिऱ्हाईक पैसे देऊन तांदूळ घेते आणि व्यवहार तेथेच संपतो. दुकानदार परका असला म्हणून तांदळास काही बाध येत नाही. विमेवाला मात्र आज पैसे घेतो आणि मोबदल्यात केवळ शब्द देतो. तो शब्द खरा की खोटा, हे कित्येक वर्षांनी आणि तेही आपत्तीच्या घडीस कळावयाचे. तेव्हा 'हा परका आपणांस बुडविणार नाही' एवढी खात्री लोकांस पटविणे, हेच या धंद्याचे पहिले भांडवल होय.

अल्फोन्सो यांचे शिक्षण मनिला येथील द ला साल विद्यालयात व पुढे फार ईस्टर्न विद्यापीठात झाले. मध्ये युद्ध आले. जपानी फौजांनी व्यापलेल्या मनिला शहरासाठीची लढाई ३ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली. त्याच आठवड्यात या तरुणास बावीस वर्षे पूर्ण झाली. महिनाभर चाललेल्या त्या लढाईत सुमारे एक लक्ष नागरिक मृत्युमुखी पडले. काहींची जपानी सैन्याने कत्तल केली, काही अमेरिकन तोफांच्या माऱ्याखाली सापडले. पासिग नदीच्या दक्षिणेकडील जुने शहर, त्यातील चर्चे, ग्रंथालये, पेढ्या आणि राहती घरे यांची राख झाली. ज्याच्या घरचा धंदा आगीचा विमा उतरविण्याचा, त्याच्या ऐन तारुण्यात त्याचे उभे शहर जळावे, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

येथे विम्याच्या मूळ तत्त्वाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण पुढील साऱ्या कथेची गुरुकिल्ली त्यातच आहे. समजा, एका गावात हजार घरे आहेत आणि सालीना त्यांतील एखाददुसरे घर जळते. कोणते जळेल हे कोणासच सांगता येत नाही, पण किती जळतील याचा अदमास मात्र बांधता येतो. मग हजारांनी थोडी थोडी वर्गणी काढावी आणि ज्याचे घर जळेल त्यास ते पुन्हा उभारून द्यावे, हा झाला विमा. यात एक अट गृहीत धरलेली असते, ती ही की घरे वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या कारणांनी जळावीत. माणसे मरतात तीही अशीच, निरनिराळ्या दिवशी. संकटे विखुरलेली असतात म्हणूनच विमेवाल्यास शब्द देता येतो. जे संकट सर्वांवर एकाच दिवशी कोसळते, त्याचा विमा या हिशेबाने उतरविता येत नाही, कारण तेव्हा देणारे कोणी उरतच नाहीत, सारेच घेणारे होतात. म्हणूनच आगीच्या विम्याच्या करारात युद्धाने झालेली हानी सामान्यतः वगळलेली असते. १९४५ च्या मनिलातील आगीची भरपाई जगातील कोणत्याही कंपनीच्या तिजोरीतून झाली नसती.

युद्धानंतर अल्फोन्सो अमेरिकेस गेले आणि १९५० साली कोलंबिया विद्यापीठाची व्यवस्थापनशास्त्रातील पदवी घेऊन परतले. हे विद्यापीठ डॉक्टर आंबेडकरांमुळे महाराष्ट्रास परिचित आहेच. त्यानंतरच्या अर्धशतकात त्यांनी जे उभे केले, त्याची जंत्री देण्याचे प्रयोजन नाही. आगीच्या व मालाच्या विम्यास आयुर्विम्याची जोड मिळाली. १९६० साली स्थापन झालेली एक पेढी पुढे 'रिझाल कमर्शियल बँकिंग कॉर्पोरेशन' या नावाने देशातील मोठ्या बँकांत गणली जाऊ लागली. टोमास मापुआ या वास्तुविशारदाने १९२५ साली काढलेली अभियांत्रिकीची सुप्रसिद्ध शिक्षणसंस्था १९९९ साली त्यांच्या समूहाकडे आली. मकाती येथील मनोऱ्यांच्या आवारात त्यांनी २००५ साली एक कलासंग्रहालय उघडले, ते त्यांच्याच नावाने चालते. आंतरराष्ट्रीय विमा परिषदेने आपल्या मानाच्या पटावर त्यांचे नाव घेतले. धनवंतांच्या चरित्रात असे तपशील पुष्कळ आढळतात आणि वाचक ते भरभर वाचून पुढे जातो. आम्हीही तसेच करतो.

त्यांच्या वकिलातीच्या काळापाशी मात्र थांबले पाहिजे. १९८६ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या रस्त्यांवर लक्षावधी लोक उतरले, मार्कोस यांची हुकूमशाही कोसळली आणि कोराझोन आकिनो अध्यक्ष झाल्या. त्यांनी युचेंग्को यांस चीनमध्ये राजदूत म्हणून पाठविले. ज्या वंशामुळे त्यांच्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या परके लेखले गेले, त्या वंशाच्या मायदेशी ते फिलिपिन्सचा शब्द घेऊन गेले. पुढे १९९५ साली अध्यक्ष रामोस यांनी त्यांस जपानमध्ये राजदूत नेमले. मनिला जळाल्यास त्या वर्षी बरोबर पन्नास वर्षे होत होती. बाविसाव्या वर्षी ज्या सैन्याने आपल्या शहराचा नाश केलेला, त्याच्या देशाच्या राजधानीत बहात्तराव्या वर्षी स्नेहाचे बोलणे करावयास जाणे, ही गोष्ट सोपी नव्हे.

शब्द आणि भरपाई यांचा प्रश्न तेथेही त्यांच्यापुढे असलाच पाहिजे. जपानने १९५६ च्या करारान्वये फिलिपिन्सला ५५ कोटी डॉलरची नुकसानभरपाई वीस वर्षांत देण्याचे मान्य केले होते आणि त्यामुळे हिशेब मिटला असे जपान सरकारचे म्हणणे होते. पण १९९२ साली मारिया रोसा हेन्सन या वृद्ध स्त्रीने जपानी सैनिकांनी आपणांवर केलेल्या अत्याचाराची हकीकत जगापुढे सांगितली, तेव्हा काही हानी अशी असते की जिचा आकडाच करारात लिहिलेला नसतो, हे सर्वांच्या ध्यानी आले. लोकवर्गणीतून उभारलेल्या एका जपानी निधीतून अशा स्त्रियांस रकमा देण्यास १९९६ साली आरंभ झाला, तेव्हा तोक्यो येथील फिलिपिन्सच्या वकिलातीत युचेंग्को होते. काही स्त्रियांनी ते पैसे घेतले, काहींनी सरकारने स्वतःची जबाबदारी मान्य केल्यावाचून एक येनही नको म्हणून नाकारले. रक्कम मिळणे आणि शब्द मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या म्हाताऱ्या बायकांस कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाहून अधिक कळले होते.

आता घरमालकीणबाईंच्या कागदाकडे वळू. 'पॅसिफिक प्लॅन्स' ही कंपनी युचेंग्को समूहातील आयुर्विमा कंपनीच्या मालकीची होती. शिक्षणाचे जे करार ती विकीत असे, त्यांतील जुन्या पद्धतीच्या करारात फी कितीही वाढली तरी ती भरण्याची हमी होती. हे करार ज्या काळी आखले गेले, त्या काळी महाविद्यालयांच्या फीवाढीवर सरकारचा अंकुश होता, त्यामुळे हिशेब बसत होता. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी तो अंकुश सैल झाला आणि फी सपाट्याने वाढत चालली. आता आम्ही वर सांगितलेले तत्त्व वाचकांनी आठवावे. फी वाढते ती एका घराची वाढत नाही, साऱ्यांची एकदम वाढते. हे विखुरलेले संकट नव्हे. हे एकाच दिवशी साऱ्या गावास लागणाऱ्या आगीसारखे आहे. ज्या समूहाचा सारा पसारा विम्याच्या शास्त्रावर उभा होता, त्याच्याच एका कंपनीने ज्याचा विमा उतरविता येत नाही अशा गोष्टीचा शब्द हजारो कुटुंबांस दिला होता.

७ एप्रिल २००५ रोजी कंपनीने मकातीच्या न्यायालयात अर्ज करून देणी थांबविण्याची व कंपनीची पुनर्रचना करण्याची परवानगी मागितली. त्या वेळी असे ३४,००० हून अधिक करार चालू होते. आईबाप रस्त्यावर आले. समूह एवढा श्रीमंत असता त्याची एक कंपनी निर्धन कशी, हा त्यांचा सवाल होता. कायद्याचे उत्तर असे की, प्रत्येक कंपनी ही एक निराळी व्यक्ती आहे आणि एका भावाच्या कर्जास दुसरा भाऊ बांधलेला नाही. हे उत्तर कायद्यास धरून असेल. पण बाईंनी तो कागद घेतला तेव्हा काही कंपनीचा ताळेबंद वाचून घेतला नव्हता, त्यामागे उभे असलेले मोठे नाव पाहून घेतला होता, आणि ते नाव दिसावे अशीच विक्रीची रीत होती. नाव विकताना एक आणि देणे देताना अनेक, ही गोष्ट आईबापांस रुचली नाही, आणि आम्हांसही रुचत नाही.

पुनर्रचनेची पहिली योजना अशी होती की, २००४ सालची फी हा पाया धरून त्यावर सालीना ७ टक्के वाढ द्यावी. पण कंपनीची पुंजी डॉलरच्या रोख्यांत होती. पुढे डॉलर घसरला व पेसो वधारला, तेव्हा ही योजनाही झेपेना आणि ती पुन्हा बदलावी लागली. या बदलास सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्यता दिली. तोवर २००५ साली महाविद्यालयात असलेली मुले तिशीला येऊन ठेपली होती. अशी अवस्था या एकाच कंपनीची झाली असे मात्र नव्हे. दुसऱ्याही मोठ्या कंपन्या त्याच सुमारास त्याच खडकावर आदळल्या. अखेर २००९ च्या डिसेंबरात या व्यवहारासाठी निराळा कायदा झाला आणि त्याची देखरेख विमा आयोगाकडे सोपविण्यात आली.

येथवर जे घडले त्यास हिशेबाची चूक म्हणता येईल, आणि चुकीस क्षमा असू शकते. आमचे मन खट्टू झाले ते पुढच्या गोष्टीने. संतापलेल्या आईबापांनी आपल्या संघटनेच्या वतीने जे कडक लिखाण प्रसिद्ध केले, त्याबद्दल त्याच वर्षी युचेंग्को कुटुंब व मलायन कंपनी यांच्या वतीने अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद करण्यात आली. ती पाच वर्षे चालली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, खटला जेथे दाखल झाला ते न्यायालय योग्य नव्हते या कारणावरून, निकालात काढली. अब्रू जपण्याचा हक्क श्रीमंतासही आहे, हे आम्हांस मान्य आहे. रागाच्या भरात लिहिलेले सारेच शब्द न्याय्य असतात असेही नाही. परंतु ज्याने दिलेला शब्द पुरा झालेला नाही, त्याने ज्याला तो मिळावयाचा होता त्याच्याच शब्दांवर फिर्याद आणावी, हे पाहून वाईट वाटते.

आणि हाच मनुष्य एका स्मारक-प्रतिष्ठानाचा अध्यक्ष होता! क्वेझोन सिटी येथे 'बान्तायोग नांग मगा बायानी', म्हणजे वीरांचे स्मारक, या नावाची एक जागा आहे. मार्कोस यांच्या लष्करी अमलात ज्यांनी निर्भयपणे तोंड उघडले आणि त्यापायी प्राण गमाविले, त्यांची नावे तेथे काळ्या पाषाणाच्या भिंतीवर कोरलेली आहेत. त्यांत विद्यार्थी आहेत, पत्रकार आहेत, धर्मोपदेशक आहेत, शेतकरी आहेत. कित्येक धनिक त्या काळाचा उल्लेखही टाळीत असता युचेंग्को यांनी या स्मारकाची धुरा वाहिली. हे केवळ लौकिकासाठी केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाच माणसाच्या ठिकाणी हे दोन्ही होते, असेच म्हणावे लागते. दूरच्या जुलमाविरुद्ध बोललेला शब्द आपणां सर्वांस प्रिय असतो. आपल्या दारात उभे राहून कोणी आपणांसच बोलले म्हणजे तो शब्द सोसणे कठीण जाते. आमच्या वर्गात राजसत्तेविरुद्धचे निबंध आम्ही मोठ्या प्रेमाने तपासतो आणि एखाद्या विद्यार्थ्याने आमच्याच शिकविण्यातील दोष दाखविला की आमच्या कपाळास आठी पडते, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

त्यांच्या आयुष्याच्या अखेरीसही नियतीने हाच विषय पुन्हा काढला. २०१६ च्या फेब्रुवारीत चोरट्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला खोटे हुकूम पाठविले. त्यांतून पळविलेले ८ कोटी १० लक्ष डॉलर मकातीमधील ज्या शाखेतील खोट्या नावांच्या खात्यांत उतरले, ती शाखा त्यांनी वाढविलेल्या बँकेची होती. फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेने त्या बँकेस १०० कोटी पेसो दंड केला. त्या वेळी युचेंग्को ९३ वर्षांचे होते. रोजचा कारभार त्यांच्या हाती नव्हता, आणि त्या चोरीचा दोष त्यांच्या माथी मारणे योग्य नव्हे. पण ज्याने आयुष्यभर विश्वास हेच भांडवल मानले, त्यास अखेरच्या वर्षी आपल्या संस्थेचे नाव अशा कारणाने जगभर गाजलेले पाहावे लागले. १५ एप्रिल २०१७ रोजी त्यांचा अंत झाला.

हे सारे वाचीत असता आम्हांस आपल्याकडील एका मराठी माणसाची आठवण वारंवार होत होती. खाजगी विमा कंपन्यांच्या हाती लोकांचा विश्वास सुरक्षित नाही, असे ठरवून १९ जानेवारी १९५६ च्या रात्री चिंतामणराव देशमुख यांनी अर्थमंत्री या नात्याने आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी, परदेशी आणि लहानसहान मिळून २४५ संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणरावांनी राजीनामा दिल्यानंतर, सप्टेंबरात, आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. पुढे १९५९ साली त्याच मनिला शहरात रामोन मॅगसेसे पारितोषिक देऊन त्यांचा गौरव झाला. आपण शब्दामागे राज्य उभे केले. तिकडे शब्दामागे घराणे उभे होते. राज्याचा शब्द बुडत नाही, हे खरे. पण कारभार सरकारी असो वा खाजगी, हिशेबी विमेवाला आकड्यापलीकडे शब्द देत नाही आणि आकडा महागाईपुढे झिजत जातो. आमची पावत्यांची गड्डी आणि बाईंच्या डब्यातील कागद यांत श्रेष्ठ कोणता, हे ठरविणे आम्हांस अवघड झाले. आमच्या कंपनीने तिच्या हाती होते तेवढेच बोलून दाखविले आणि म्हणून ते पाळले. बाईंच्या कंपनीने आईबापाच्या मनात जे होते तेच बोलून दाखविले आणि म्हणून ते पाळता आले नाही.

युचेंग्को यांच्या चरित्रावर निकाल देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परक्याचा पोर म्हणून जन्मास येऊन त्यांनी एका देशाचा विश्वास मिळविला आणि दोन देशांत त्या देशाचा शब्द वाहून नेला, हे मोठेच कार्य होय. त्यांच्या समूहाने ३४,००० करारांत जो शब्द दिला तो पुरा झाला नाही, हेही त्याच चरित्राचे एक पान आहे. त्यांचे गौरवपर चरित्र लिहिणारे हे पान गाळतील आणि बिस्किटांचा डबा उघडणाऱ्या बाई दुसरे कोणतेही पान वाचणार नाहीत. आमच्या मते दोघांनीही सारे पुस्तक वाचावे. आपण मध्यमवर्गीय लोक मुलांना वाढविताना याच जातीचे शब्द देत असतो. "तू फक्त शीक, पैशाची काळजी आम्ही करू," हे वाक्य आम्हीही आमच्या कन्येस उच्चारलेले आहे. तेव्हा फी किती वाढेल याचे कोष्टक आमच्यापाशी नव्हते. शब्द आमच्या हाताबाहेरचा होता. तो पुरा झाला तो पुष्कळसा दैवाने आणि थोडासा आमच्या कुटुंबाच्या बांगड्यांनी.

भाचा परत गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचा तो जुना एजंट विद्यार्थी घरी आला. आता त्याचेही केस पिकले आहेत. शेजाऱ्यांच्या नातवासाठी नवी योजना घेऊन तो आला होता आणि जाता जाता आमच्या पाया पडावयास थांबला. तेच ओसरीवरचे बसणे, तसेच कोष्टक. आम्ही त्यास विचारले, "मुलगा मोठा होईल तेव्हा याच्यात त्याची फी भागेल, असं सांगतोस का रे लोकांना?"

तो जरा वेळ कोष्टकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पूर्वी सांगत होतो, सर. आता फक्त आकडा सांगतो. फीचं काय ते त्यांनीच धरावं."

"मग विमा कमी खपत असेल?"

"कमी खपतो," तो म्हणाला, आणि त्याने कोष्टक पिशवीत ठेवले.